इंग्रजीत ‘यूज्ड टू’ वापरताना एवढं सांभाळा

आधी वाक्यात ‘ॲम, इज, आर, वॉज’ यांपैकी काही आहे का ते बघा. सगळा अर्थ त्यावर फिरतो.

नसेल, तर ती पूर्वीची, आता सुटलेली गोष्ट. पुढे क्रियापदाचं मूळ रूप: ‘आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक’, म्हणजे नाशिकला राहायचो, आता नाही. असेल, तर अर्थ सवयीचा, आणि पुढे नाम किंवा ‘इंग’वालं रूप: ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन’, म्हणजे एकटं राहणं अंगवळणी पडलंय. इथे ‘लिव्ह’ चालत नाही. सवय लागतेय म्हणायचं असेल तर ‘गेटिंग यूज्ड टू’.

सगळ्यात जास्त घोटाळा आजही नेहमी करतो ती गोष्ट सांगताना होतो. ‘रोज सहाला उठतो’ यासाठी ‘आय यूज टू गेट अप ॲट सिक्स’ सर्रास ऐकू येतं. ते चूकच. ‘आय युज्वली गेट अप ॲट सिक्स’ म्हणा.

नकारात ‘डिड’ आला की शेवटचा ‘डी’ गळतो: ‘आय डिडन्ट यूज टू लाइक टी’. ‘पाच वर्षं राहिलो’ असा ठरावीक काळ सांगताना मात्र साधा भूतकाळच हवा: ‘आय लिव्ह्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’.

उच्चार ‘यूस्टू’ करा. ‘यूझ्ड’ म्हणजे वापरलं.