भुसावळला ताजी कोळंबी मिळत नाही, तर फ्रोझन कोळंबीचा भाज्या घालून पास्ता घरी जमेल का?

जमेल. मी जळगावची, समुद्र आमच्यापासूनही तेवढाच लांब. फ्रोझन कोळंबी चांगली असते, फक्त घाई करू नका. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, किंवा पिशवीसकट अर्धा तास गार पाण्यात. मग पाठीतला काळा दोरा काढून फडक्याने अगदी कोरडी पुसा. ओली राहिली तर कढईत भाजत नाही, उकडते.

पहिल्यांदा मी ती रश्शासारखी टोमॅटोत पंधरा मिनिटं शिजवली होती. चावता चावता जबडा दुखला. आपल्याकडे मटण बराच वेळ शिजवायची सवय, तीच नडली. मोठ्या आचेवर एका बाजूने दीड मिनिट, दुसऱ्या बाजूने एक, बस. गुलाबी होऊन अर्धगोल वळली की काढा. पूर्ण गोल गुंडाळली म्हणजे जास्त झाली.

दोघांना २०० ग्रॅम पास्ता, दोन लिटर पाणी, तीन चमचे मीठ. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी उतरवा आणि ते पाणी मोरीत ओतू नका, वाटीभर ठेवा. त्यातल्या पिठूळपणामुळेच तेल आणि टोमॅटोचा रस पास्त्याला धरून राहतो. क्रीमची गरजच नाही.

भाज्यांमध्ये पाककृतीवाले झुकिनी सांगतात. ती शोधत हिंडू नका, कोवळं गिलकं घ्या. अहो, खरंच! जाड चकत्या करून कोळंबीच्याच कढईत मोठ्या आचेवर फिरवा. झाकण अजिबात नको, नाहीतर पाणी सुटून गाळ होतो. सोबत सिमला मिरची. मग तेलात चार-पाच पाकळ्या लसूण मंद आचेवर, चिरलेला टोमॅटो, पास्ता, ते पाणी, आणि गॅस बंद केल्यावर कोळंबी. वरून लिंबू. इटलीत समुद्री पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत, आणि इथे ते मलाही नको वाटतं, कोळंबीची चव दबते.

काळा मसाला घालू का, असं सासूबाईंनी विचारलं होतं. घातला तर वाईट लागणार नाही, पण मग कोळंबी कशाला, बटाटाही चालेल. त्यांनी शेवटी ताटात बाजूला ठेचा घेतला आणि दुसऱ्यांदा वाढून मागितलं.

सकाळसाठी मात्र ठेवू नका, गरम केल्यावर कोळंबी पुन्हा चिवट होते.