न लिहिलेल्या अटी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जागा बघून झाली, भागीदार ठरला, पहिली ऑर्डरही जवळपास पक्की आहे. वाचून बरं वाटलं. फक्त एका वाक्याशी अडलो: ‘वकिलावर आत्ताच पैसे कशाला, काही वाद झालाच तर बघू.’ शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तुझ्याही कानावर लहानपणापासून पडलं असेल. ते खरंच आहे, पण म्हण कोर्टाच्या पायरीबद्दल बोलते, वकिलाच्या ऑफिसबद्दल तिचं काही म्हणणं नाही. आधी गेलं तर वकील अटी ठरवायला मदत करतो. वाद झाल्यावर गेलं तर ठरून गेलेल्या अटींचा अर्थ लावण्यापलीकडे त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. फी मात्र तेव्हा कितीतरी जास्त लागते.

आणि अटी ठरलेल्या असतातच, हे नवीन धंदेवाल्याच्या लक्षात येत नाही. आपण काही लिहिलं नाही म्हणजे सगळं मोकळं आहे असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही गप्प राहिलात की कायद्याने आधीच लिहून ठेवलेल्या अटी लागू होतात. त्या लिहिणाऱ्याने तुझा धंदा पाहिलेला नसतो.

भागीदारीचंच घे. भांडवल बहुतेक भागीदाराचं, राबणार तू, आणि नफ्याचं ‘बघू नंतर, आपल्यात काय लिहायचंय’ असं तुमचं बोलणं झालंय. इंग्लंडचा भागीदारी कायदा १८९० चा आणि भारताचा १९३२ चा, बराचसा त्याच धर्तीवरचा. वेगळं ठरलं नसेल तर नफा सगळ्या भागीदारांत समान आणि तोटाही समान, असं दोन्ही कायदे सांगतात. कमीजास्त भांडवल घातलं म्हणून नफ्याचा वाटा आपोआप कमीजास्त होत नाही. वेगळं ठरलं नसेल तर धंदा चालवण्याबद्दल भागीदाराला पगारही मागता येत नाही. म्हणजे तुझं वर्षभर राबणं आणि त्याचं महिन्यातून एकदा डोकावणं, हिशेबात दोन्ही सारखंच. आणि बहुतेक भांडवल घालून निम्माच नफा, मग तो तरी खूश होईल का? ठरलेल्या भांडवलाच्या वर त्याने पैसे घातले तर त्यावर भारतीय कायद्याने वर्षाला ६ टक्के व्याज, इंग्लंडमध्ये ५ टक्के. तेच पैसे त्याने स्वतः याहून महाग कर्ज काढून आणले असतील तर दर महिन्याला पदरमोड ठरलेली.

यातलं काहीही लागू व्हायला कागद लागत नाही. दोघांनी मिळून नफ्यासाठी धंदा सुरू केला आणि नफा वाटून घ्यायचं ठरलं की भागीदारी झाली. भागीदार वारला तर, वेगळा करार नसल्यास, फर्म विसर्जित होते. मुदत ठरवलेली नसेल तर एका भागीदाराने नोटीस दिली तरी ती मोडते. दोन जिवलग मित्रांचं असं मोडलेलं प्रकरण मध्यस्थीसाठी माझ्याकडे आलं होतं. मशिनं, माल, उधारी यांची वाटणी एका दुपारी झाली. घोडं अडलं ते मोबाइल नंबरवर. सगळ्या गिऱ्हाइकांकडे तोच नंबर, ऑर्डरी त्यावरच यायच्या, आणि सिमकार्ड एकाच्या खाजगी नावावर. तो म्हणे नंबर माझा. दुसरा म्हणे, त्या नंबरवरची सहा वर्षांची गिऱ्हाइकं माझीही आहेत. सुरुवातीला कागद करताना ‘फोन नंबर, वेबसाइटचं नाव आणि खात्यांचे पासवर्ड फर्मच्या मालकीचे’ अशी एक ओळ पुरली असती. तेव्हा दोघांनीही ती हसत मान्य केली असती, कारण पुढे कोण बाहेर पडणार आणि कोण मागे राहणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लवकर जाण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो. भांडण सुरू झालं की प्रत्येक अट कुणाच्या तरी विरुद्धच जाते.

मग भागीदारी नको, कंपनीच काढतो, असं म्हणशील. भागीदारीत फर्मचं देणं तुझ्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत येऊ शकतं, त्यामुळे हा विचार चुकीचा नाही. १८९६ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच) सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात निकाल दिला: रीतसर नोंदवलेली कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती, तिची देणी त्याच्या डोक्यावर नाहीत. २०,००७ पैकी २०,००१ शेअर त्याच्या एकट्याच्या हातात होते, तरीही. कंपनीच्या मागे उभं राहायचा हा आडोसा आजही बहुतेक देशांत मिळतो. पण छोट्या धंद्यात तो एका सहीने जातो. बँक कर्ज देताना, जागामालक जागा देताना, मोठा पुरवठादार उधारी देताना कागदांच्या गठ्ठ्यात एक वैयक्तिक हमीपत्र ठेवतो: कंपनीने दिलं नाही तर मी देईन. तिथे सही केली की कंपनी वेगळी असूनही घर पुन्हा पणाला लागलं. हमी द्यावीच लागेल, त्याशिवाय नवीन माणसाला कोण उभं करतं? पण रकमेवर मर्यादा घालून मागता येते, मुदत घालता येते, कर्ज फिटल्यावर हमी संपल्याचं लेखी घेता येतं. मागणारा क्वचितच नाही म्हणतो. मागायचं असतं हे माहीत असणारा माणूस शेजारी हवा, एवढंच.

लोगो आणि वेबसाइट एका ओळखीच्या मुलाकडून करून घेतोय, असंही तू लिहिलं आहेस. पैसे दिले म्हणजे ते आपलं झालं, हा समज सगळीकडे आढळतो. अनेक देशांत बाहेरच्या माणसाने केलेल्या अशा कामाचा कॉपीराइट, लेखी हस्तांतर नसेल तर, त्याच्याकडेच राहतो. भारतीय कायद्यात (१९५७) तर हस्तांतराचा कागद केला पण त्यात मुदत लिहिली नाही, तर हस्तांतर फक्त ५ वर्षांचं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. अर्धवट कागद करणाऱ्यालाही कायदा असा आपल्या अटी जोडून देतो. धंद्याच्या नावाचंही लगेच बघून घे. काही देशांत आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा, काही ठिकाणी आधी नोंदवणाऱ्याचा. पाटी रंगवण्याआधी शोध घ्यायला फार खर्च येत नाही.

आता त्या पहिल्या ऑर्डरबद्दल. मोठ्या गिऱ्हाइकाकडून करार येईल, बहुधा वीसेक पानांचा, आणि सोबत ‘आमचा नेहमीचाच आहे, सही करून पाठवा’ असा निरोप. त्यात नुकसानभरपाईचं कलम शोध. साधारण असं असेल: ‘या कामातून उद्भवणाऱ्या कोणत्याही व सर्व प्रकारच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई पुरवठादार करील.’ चांगला वकील इथे ‘अप्रत्यक्ष’ शब्दाखाली रेघ मारतो आणि समासात लिहितो: ‘एकूण जबाबदारी या ऑर्डरपोटी मिळालेल्या रकमेपुरती मर्यादित.’ या एका ओळीचा अर्थ असा की तुझा माल एक दिवस उशिरा पोचला आणि त्यांचा कारखाना बंद राहिला, तर त्या बंद दिवसाचं सगळं बिल तुझ्या दारात येणार नाही. गिऱ्हाईक कुरकुरेल, दुप्पट रक्कम म्हणेल, चालेल. न मोजता येणारा आकडा मोजता येणारा झाला.

कायद्याच्या या ठरीव अटी दर वेळी विरुद्धच जातात असं नाही. भारतात २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचं देणं, करारात काहीही लिहिलं तरी, ४५ दिवसांच्या पुढे ढकलता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण त्यासाठी या कायद्याखालची नोंदणी माल देण्याआधी केलेली बरी. पैसे थकल्यावर नोंदणीला धावणाऱ्यांची पुढे वादावादी होते. दाव्याची मुदतही अशीच निघून जाते. साध्या करारातल्या पैशांसाठी भारतात साधारण ३ वर्षं, इंग्लंडमध्ये ६. ‘पुढच्या महिन्यात नक्की’ ऐकत ऐकत ही वर्षं कशी सरतात ते कळत नाही.

इंटरनेटवरून उतरवलेल्या करारांचं म्हणशील, तर वाचायला चांगले. सही करायला नको. डेलावेअर राज्याचा कायदा लागू राहील असं लिहिलेला कागद मी अशा दोन पक्षांच्या हातात पाहिला आहे, ज्यांचा अमेरिकेशी पोस्टाच्या तिकिटाइतकाही संबंध नव्हता. शेवटची पानं कुणी वाचत नाही, आणि वाद कुठे चालेल ते नेमकं तिथेच लिहिलेलं असतं.

वकील गाठताना पहिला प्रश्न विचार: तुम्ही कुणाचे? भागीदाराच्या मामाच्या ओळखीचे वकील दोघांचाही कागद करून देतो म्हणाले, तर त्यांना नम्रपणे नाही म्हण, किंवा निदान तो कागद सहीआधी तुझ्या स्वतःच्या वकिलाला दाखव. बँकेचा वकील बँकेचा असतो, कितीही गोड बोलला तरी. जाताना एका पानावर लिहून ने: धंदा काय, पैसा कुणाचा, कुणाकुणाशी कागद होणार आहेत, आणि तुला रात्री कशाची काळजी वाटते. फी आधी विचार, लेखी घे, ठरावीक कामाची ठरावीक रक्कम मिळते का बघ. परवाने आणि कराच्या नोंदणीचे साधे फॉर्म तू स्वतः भरू शकशील किंवा हिशेब बघणारा भरेल, त्यासाठी वकिलाचे तास जाळू नकोस. आणि प्रत्येक वाक्यात धोका दाखवणारा वकील भेटला तर घाबरून ऑर्डर सोडू नकोस. धोका किती, तो घ्यायचा की नाही, हे ठरवणं तुझं काम. तो फक्त दाखवून देईल.

भागीदाराशी मात्र वकिलाकडे जाण्याआधी बोल. वाटा, पगार, कुणी किती वेळ द्यायचा, कुणी बाहेर पडलं तर काय, कुणी गेलं तर काय, आणि तो मोबाइल नंबर. त्याला राग आला तर ते आत्ताच कळलेलं बरं. मसुदा तयार झाला की मला पाठव, वाचेन. पण माझं वाचणं वकिलाच्या वाचण्याच्या जागी धरू नकोस, आणि जागेच्या करारावर तोवर सही करू नकोस.

कळावे, लोभ असावा.