कर्ट वॉर्नर 'थेट' कुठेही पोचला नव्हता: आयोवा बार्नस्टॉर्मर्सची तीन वर्षं

प्रश्न असा आहे: "किराणा दुकानातून थेट सुपर बोलपर्यंत पोचलेला कर्ट वॉर्नर आधी ज्या इनडोअर संघात होता, त्या आयोवा बार्नस्टॉर्मर्सचं पुढे काय झालं?"

सुपर बोल म्हणजे एनएफएलची, अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगची, अंतिम लढत. सांगतो, पण आधी प्रश्नातला 'थेट' खोडा. मी हा शब्द वर्षानुवर्षं खोडत आलोय आणि दर सुपर बोलच्या आठवड्यात तो पुन्हा उगवतो. १९९४ मध्ये एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्सनी सराव शिबिरातून घरी पाठवल्यावर वॉर्नर सीडर फॉल्सच्या हाय-व्ही दुकानात ताशी साडेपाच डॉलरवर रात्रपाळी करून शेल्फवर माल लावत होता. सुपर बोल जिंकला ३० जानेवारी २००० ला. मध्ये १९९५, १९९६, १९९७ असे तीन पूर्ण हंगाम तो आयोवाच्या डे मॉइन शहरात बार्नस्टॉर्मर्सचा क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) होता आणि १९९८ ला युरोपातल्या ॲम्स्टरडॅम ॲडमिरल्सचा. याला थेट म्हणत नाहीत.

ही तीन वर्षं गाळली जातात, कारण इनडोअर फुटबॉल म्हणजे जाळ्यांची सर्कस असा लोकांचा समज आहे. त्यांनी आधी मैदानाची मापं बघावीत. मोठ्या, म्हणजे एनएफएलच्या, फुटबॉलचं मैदान १०० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद, त्यावर २२ खेळाडू. अरीना फुटबॉलचं ५० यार्ड लांब, ८५ फूट रुंद, त्यावर १६. दोन्ही टोकांचे एंड झोन (चेंडू पोचवला की गुण मिळतात ते पट्टे) ८-८ यार्डांचे. बेरीज केलीत तर लांबी १९८ फूट येते. आइस हॉकीची रिंक २०० बाय ८५ फूट असते, म्हणजे तिच्यात हे मैदान बरोबर बसतं. जिम फॉस्टरला ही कल्पना सुचली १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, इनडोअर सॉकरचा सामना बघताना. त्याने आराखडा हातातल्या लिफाफ्यावरच काढला. १९८७ ला चार संघांची लीग सुरू झाली. फॉस्टर मूळचा आयोवाचाच, म्हणून १९९५ मध्ये त्याने स्वतःचा संघ डे मॉइनच्या व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियममध्ये आणला. नाव घेतलं १९२० च्या दशकात गावोगावच्या शेतांत विमान उतरवून कसरती दाखवणाऱ्या वैमानिकांचं. हेल्मेटवर त्यांचे गॉगल रंगवलेले असत.

आता क्वार्टरबॅकच्या जागी उभे राहा. समोरून तुमच्यावर धावून येऊ शकतात जास्तीत जास्त चार जण: पुढच्या रांगेतले तीन लाइनमन आणि त्यांच्या मागे उभा असलेला 'मॅक' लाइनबॅकर. दुसऱ्या, 'जॅक' लाइनबॅकरला धावून यायची परवानगीच नाही. त्यामुळे कोण येणार हे ओळखण्यात वेळ जात नाही, पण चेंडू हातात ठेवायलाही वेळ नसतो. तुमचा एक रिसीव्हर (पास झेलणारा) स्नॅपच्या, म्हणजे चेंडू तुमच्या हातात येऊन डाव सुरू होण्याच्या, आधीच पुढे धावत सुटलेला असतो आणि डाव सुरू होतो त्या रेषेवर पोचतो तेव्हा पूर्ण वेगात असतो. हा नियम मोठ्या फुटबॉलमध्ये नाही. त्याला अडवणारा बचावपटू तेव्हा उलट्या पावली मागे सरकत असतो, म्हणून पहिल्या क्षणी फायदा तुमचा. तो क्षण गेला की एंड झोन संपतो, कडेला गादी लावलेली हॉकीची भिंत येते आणि फेकायला जागाच उरत नाही. रिसीव्हर मोकळा दिसल्यावर फेकलं तर उशीर झालेला असतो. तो वळायच्या आधी, जिथे वळणार त्या जागेवर फेकावं लागतं.

चूक झाली तर किंमतही मोठी. या खेळात पंट, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून समोरच्यांना देणं, चालत नाही आणि दोन्ही संघ बहुतेक वेळा गुण घेतातच. त्यामुळे एक इंटरसेप्शन (समोरच्याने झेललेला पास) म्हणजे अनेकदा सामनाच गेला. दोन्ही अर्धांचा शेवटचा मिनिट सोडला तर घड्याळही चालूच राहतं. जाळ्यांमुळे चौथा डाउन, म्हणजे गोलवर किक मारायची शेवटची संधी, तीही साधी राहत नाही. गोलचे खांब फक्त ९ फुटांच्या अंतरावर, आडवी दांडी १५ फुटांवर आणि दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद, ३२ फूट उंच ताणलेली जाळी. हुकलेली किक जाळीवर आपटून मैदानात येते तेव्हा चेंडू जिवंत असतो. कोनाचा अंदाज चुकलेला खेळाडू तिथेच फसतो, कारण चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे निघून जातो.

हे तीन वर्षं करून वॉर्नर एनएफएलच्या सेंट लुईस रॅम्सकडे गेला. १९९९ मध्ये तिथला पहिला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला म्हणून त्याला जागा मिळाली. तिथे आक्रमणाचा प्रशिक्षक माइक मार्ट्झचं आक्रमण उभं होतं ते रिसीव्हर वळण्याआधी चेंडू सोडण्यावर. त्या हंगामात वॉर्नरने ४१ टचडाउन पास (एंड झोनमध्ये पोचून गुण देणारे) टाकले आणि सुपर बोलमध्ये ४१४ यार्ड फेकले. लोक याला चमत्कार म्हणतात. माझ्या मते डे मॉइनमध्ये गिरवलेला धडाच तो मोठ्या पाटीवर लिहीत होता. फरक इतकाच की आता जागा भरपूर होती.

संघाचं सांगायचं तर १९९६ ची अंतिम लढत, दहावा अरीनाबोल, डे मॉइनमध्येच झाली आणि टॅम्पा बे स्टॉर्मने ती ४२-३८ अशी जिंकली. पुढच्या वर्षी फीनिक्सला ॲरिझोना रॅटलर्सकडून ५५-३३ अशी हार. वॉर्नरला तिथे विजेतेपद मिळालंच नाही. २००० च्या हंगामानंतर चार्ल्स वँगने संघ विकत घेऊन लाँग आयलंडला नेला, तो न्यूयॉर्क ड्रॅगन्स झाला आणि २००९ मध्ये लीग थांबली तेव्हा संपला. डे मॉइनमध्ये त्याच नावाचा संघ २००१ मध्ये दुय्यम लीग एएफ२ मध्ये खेळला, मग बंद पडला, २००८ ला वेल्स फार्गो अरीनात परत आला. २०१० ते २०१४ पुन्हा सावरलेल्या अरीना लीगमध्ये आणि २०१५ पासून इंडोअर फुटबॉल लीगमध्ये. पहिलं मोठं विजेतेपद २०१८ मध्ये, सू फॉल्स स्टॉर्मला ४२-३ असं चिरडून. ४२-३८ ने हरलेल्या गावाला बावीस वर्षांनी मिळालेला हा आकडा मला अजून गोड लागतो.

एक मान्य करतो. १९९७ मध्ये वॉर्नरने १४ सामन्यांत ७९ टचडाउन पास टाकले, पण ५० यार्डांच्या मैदानावरचा हा आकडा मोठ्या लीगच्या आकड्याशेजारी ठेवू नका. इथे चमकलेला प्रत्येक जण तिथे पोचत नाही. १९९६ च्या त्या अंतिम सामन्यात समोर टॅम्पाचा क्वार्टरबॅक जे ग्रुडेन होता. त्याने टॅम्पाला चार विजेतेपदं मिळवून दिली, पण एनएफएलमध्ये तो क्वार्टरबॅक म्हणून कधीच खेळला नाही, पुढे वॉशिंग्टनचा प्रशिक्षक झाला. मी एवढंच म्हणतोय की वॉर्नर जिथे शिकला ती जागा गोष्टीतून काढू नका.

आणि वॉर्नरचा खेळ समजून घ्यायला इंडोअर फुटबॉल लीगचे सामने लावू नका. फॉस्टरने जाळ्यांच्या खेळाचं पेटंट घेतलं होतं, म्हणून बाकीच्या लीग जाळ्यांशिवायच वाढल्या. तिथे सुरुवातीची किक खांबांमधून गेली तर दोन गुण मिळतात, खेळच वेगळा. १९९६ ची अंतिम लढत शोधा आणि पहिल्यांदा बघताना चेंडूकडे बघू नका. स्नॅपच्या आधी धावत सुटलेल्या रिसीव्हरवर नजर ठेवा आणि तो वळतो तेव्हा वॉर्नरच्या हातात चेंडू आहे का ते बघा.