एंडोस्कोपी नॉर्मल, तरी दोन पोळ्यांत पोट गच्च होतं. पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोन दोन महिने घेतोय. याहून चांगलं औषध कोणतं?

मी फार्मासिस्ट आहे. एंडोस्कोपी नॉर्मल असून होणाऱ्या अशा अपचनात (डॉक्टर याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात) 'सगळ्यांत भारी गोळी' असं काही नसतं. तक्रार कोणती, त्यावर गोळी ठरते. तुमची तक्रार जेवणानंतरच्या जडपणाची दिसते. पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या पोटाच्या वरच्या भागात दुखत-जळत असेल तर थोड्या जास्त उपयोगी पडतात. ४ ते ८ आठवड्यांत फरक नसेल, तर डोस वाढवून फारसं हाती लागत नाही.

एंडोस्कोपीत तुकडा काढून एच. पायलोरी या पोटातल्या जंतूची तपासणी झाली होती का, ते आधी रिपोर्टात बघा. जंतू सापडला, तर त्याचा कोर्स आधी.

जडपणासाठी ॲकोटियामाइड विचारण्यासारखं आहे. जपानमध्ये २०१३ पासून याच त्रासासाठी वापरतात, आपल्याकडेही मिळतं. तिथल्या चाचणीत ४ आठवड्यांनी सुमारे ५२ टक्क्यांना बरं वाटलं, डमी गोळीवर ३५ टक्क्यांना. म्हणजे डमी गोळीवरही तिघांतला एक सुधारतो! इटोप्राइड या जडपणासाठीच्या दुसऱ्या औषधाचे आकडे २००६ मध्ये छान आले होते, पण नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ते टिकले नाहीत.

दुखणं जास्त असेल, तर कमी डोसची ॲमिट्रिप्टिलिन. २०१५ च्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत तिच्यावर ५३ टक्क्यांना आराम पडला, डमीवर ४०, एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या दुसऱ्या गोळीवर ३८. चिठ्ठी घेऊन लोक काउंटरवर हळूच विचारतात, "ही डिप्रेशनची गोळी आहे ना? मला वेडा समजले का डॉक्टर?" तसं नसतं हो, पोटाच्या नसांची संवेदनशीलता कमी व्हावी म्हणून देतात. झोप येते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होऊ शकतं.

आता तुमची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. नावापुढे 'डीएसआर' असेल तर आत बहुधा ३० मिग्रॅ डॉमपेरिडोन आहे. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे तेवढीच दिवसाची कमाल मर्यादा ठरवली, तीही फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारण आठवडाभर. लेव्होसल्पिराइडवाली स्ट्रिप तर मला त्याहून खटकते: हात थरथरणं, पाळी चुकणं, क्वचित स्तनातून दूध येणं. आपल्याकडे ती 'गॅसची गोळी' म्हणून महिनोन्‌महिने चालते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: डॉमपेरिडोन बंद करता येईल का, आणि महिनाभर ॲकोटियामाइड जेवणाआधी घेऊन बघू का. वजन उतरत असेल किंवा शौच काळं होत असेल, तर मात्र भेटीच्या तारखेची वाट बघू नका.