निधनवार्तेतील नाव आणि निरोप

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

बेळगावच्या मराठी दैनिकात तू रुजू झालीस आणि पहिले काम निधनवार्तांचे मिळाले, हे तुझ्या पत्रातून कळले. ते काम दुय्यम मानू नकोस. इतर मजकूर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. निधनवार्तेचे कात्रण मात्र घरात वर्षानुवर्षे जपून ठेवतात, म्हणून त्यातले नाव चुकता कामा नये.

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत धोंडिबा आणि कल्लाप्पा, केरबा आणि तिप्पाण्णा अशी माणसे शेजारीशेजारी राहतात. मराठीतला धोंडा तोच कन्नडमधला कल्लु, आणि आपल्याकडचा केर ज्या उकिरड्यावर जातो त्याला कन्नडमध्ये तिप्पे म्हणतात. आधीची मुले दगावलेल्या घरात, नव्या मुलाला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून आईबाप मुद्दाम असे ओबडधोबड नाव ठेवत, आणि ही धास्ती दोन्ही भाषांत सारखीच होती. अशी नावे ‘सुधारण्याचा’ मोह तुला होईल, तो आवर. लक्कव्वाचे लक्ष्मीबाई किंवा भरमाचे ब्रह्मा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘नकुसा’ हे नाव मात्र मला फार वेगळे वाटते, कारण तेथे नजर चुकवायची नव्हती, मुलगीच नको होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली ते योग्यच झाले. अशा नावाच्या वृद्धेची वार्ता आली, तर कोणते नाव छापावे हे तिच्या लेकींना विचार.

नावावरून घरची भाषाही ठरवू नकोस. अप्पा, अव्वा, अण्णा, अक्का हे नात्याचे शब्द कन्नडचे असले, तरी आपल्याकडच्या मराठी घरांत ते केव्हाचेच रुळले आहेत. यल्लाप्पा नावाचे कितीतरी गृहस्थ घरी मराठी बोलतात. ते नाव सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचे, आणि तिच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीचे भक्तही जातात. विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव आवर्जून विचारत जा, कारण लग्नात नाव बदलले असेल, तर माहेरच्या गावात तिला सासरच्या नावाने कोणी ओळखणार नाही.

निरोपाच्या शब्दांतही असेच जपावे लागते. शैव घरात कैलासवासी, वैष्णव घरात वैकुंठवासी आणि लिंगायत घरात लिंगैक्य लिहितात. हे शब्द केवळ सजावटीचे नाहीत, त्यांच्यामागे त्या त्या घराची श्रद्धा आहे. लिंगायत समाजात दफनाची प्रथा आहे, त्यामुळे जुनी वार्ता समोर ठेवून नवी लिहिताना ‘रक्षाविसर्जन’ हा शब्द तसाच राहिला, तर घरच्यांना तो फार लागतो. मुस्लिम घरच्या वार्तेत दफनविधी आणि जियारत, म्हणजे दफनानंतर मृतासाठी होणारी प्रार्थना, यांची वेळ विचारून घे.

ज्या घरी दुःख झाले आहे त्या घराशी बोलण्याचीही एक रीत आहे. एरवी आपण उठताना ‘येते’ म्हणतो, कन्नड शेजारीण ‘होगि बर्तीनि’, म्हणजे जाऊन येते, असे म्हणते, आणि ‘जाते’ हा शब्द दोघीही टाळतात. समाचाराला गेल्यावर मात्र ‘येते’ म्हणायचे नसते. तसेच उठून निघायचे असते, कारण त्या कारणाने त्या घरी पुन्हा येणे कोणालाच नको असते. दूरध्वनीवरही ‘पुन्हा बोलू’ म्हणू नकोस. ‘बरं, ठेवते’ एवढे पुरे आहे.

एक पथ्य रोजच पाळ. दाखल्यावरच्या इंग्रजी अक्षरांवरून नाव उतरवू नकोस, कारण तेथे ल आणि ळ, त आणि ट एकाच अक्षराने लिहितात. फोन करणाऱ्याला विचार, ‘गावात त्यांना काय म्हणत?’ तो सांगेल ते नाव ‘ऊर्फ’ लिहून जोड, आणि पूर्ण नाव त्याला एकदा वाचून दाखव. या आठवड्यात छापलेल्या वार्तांची कात्रणे मला पाठव. खुणा करून परत धाडीन.

तुझे,
गुरुजी