उचल, बाकी आणि आपल्या दुकानातलं तिखट

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : धुळे-जळगाव भागात आमची सहा किराणा दुकानं आहेत. लाल तिखट आम्ही स्वतःच्या नावाने पॅक करतो. एका मोठ्या खरेदीदाराला ते पुरवायचं ठरतंय, पण ‘आमच्या पुरवठा साखळीत आधुनिक गुलामगिरी नाही’ अशा हमीपत्रावर त्यांना सही हवी आहे. मिरची नंदुरबारच्या व्यापाऱ्याकडून येते; मजूर त्याचे, आमचे नाहीत. सही करावी का? बघायचं झालं तर नेमकं काय बघायचं?
– एक दुकानदार, धुळे

उत्तर : न बघता सही करू नका. आणि बघायला जाल तेव्हा कुलूप, कुंपण, पहारेकरी शोधत बसू नका, ते क्वचितच दिसतात. आपल्याकडे माणूस अडकतो तो उचलीच्या, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, वहीत.

1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची कसोटी साधी आहे. उचल किंवा कर्जापोटी माणसाला नाममात्र मजुरीवर किंवा फुकट राबावं लागतं, दुसरीकडे काम धरता येत नाही, हवं तिथे जाता येत नाही, किंवा आपला माल आणि श्रम बाजारभावाने विकता येत नाहीत. या चारांपैकी एक गोष्ट असली तरी पुरते. शिवाय किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिला आहे. ‘मजूर राजीखुशीने आलेत’ हे उत्तर त्यामुळे चालत नाही.

आता तुमच्या तिखटाची वाट उलटी धरा : पाकीट, चक्की, व्यापारी आणि शेवटी पथारी, म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा. बहुतेकांची चौकशी व्यापाऱ्याच्या गादीवरच थांबते. पथारीवर ओली मिरची पसरायची, उलथायची, सुकली की देठ खुडायचे, डागी माल वेगळा काढायचा, अशी कामं असतात. देठ खुडण्याची मजुरी वजनावर असेल, तर फटका तिथे बसतो. सुकलेली मिरची हलकी असते. सकाळपासून हात चालले तरी किलो भरत नाहीत. मध्यम वेगाच्या तीन बायका निवडा. एक दिवस त्यांचं काम सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ लिहा, वजन स्वतः काट्यावर बघा, दराने गुणा आणि आठ तासांना किती पडतात ते काढा. तो आकडा त्या कामाच्या चालू किमान वेतनाशी, विशेष (महागाई) भत्ता धरून, ताडून पाहा. वहीत एकाच नावावर इतरांच्या दीडपट वजन दिसलं, तर शेजारी कोण बसलं होतं तेही विचारा. बऱ्याचदा पोरांचे हात आईच्या नावावर चढलेले असतात.

मग उचलीची वही मागा. समजा, नवरा-बायकोने मिळून 40,000 उचलले आणि हंगाम 120 दिवसांचा आहे. दोघांना मिळून रोजचे 450 पडले तर 54,000 होतात. किराणा, औषधपाणी रोज 250 धरलं तर 30,000 गेले. उरले 24,000, म्हणजे अंगावर 16,000 बाकी. एकही दिवस खाडा न करता हे जोडपं पुढच्या हंगामाला बांधलं गेलं. असा हिशेब पाच-सहा जोड्यांचा मांडला की दरातच खोट आहे का, ते तिथल्या तिथे कळतं.

मजुरांशी बोलताना मुकादम जवळ नको, आणि शक्यतो पथारीही नको. आठवडे बाजाराचा दिवस बरा. बायकांशी बाईनेच बोलावं, भिली, पावरी किंवा अहिराणी येणाऱ्या. ‘जबरदस्ती होते का?’ असं विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा : घरी लग्न निघालं तर उद्या निघता येईल का? आधार आणि एटीएम कार्ड आत्ता कुठे आहे? मागच्या वर्षीचा हिशेब कोणी वाचून दाखवला? सांगणाऱ्याचं नाव कागदावर लिहू नका. ते फुटलं तर त्रास तिलाच होतो.

हे झाल्यावर हमीपत्रातलं ‘नाही’ काढायला सांगा. काय तपासलं, काय आढळलं, कोणता टप्पा बघायचा राहिला, असं लिहून द्या. ब्रिटनचा 2015 चा कायदासुद्धा 3 कोटी 60 लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांकडून दरवर्षी उचललेल्या पावलांचं निवेदन मागतो, गुलामगिरी मुळीच नसल्याची हमी नव्हे. युरोपीय संघात मात्र 14 डिसेंबर 2027 पासून सक्तीच्या मजुरीतून आलेला माल विकायलाच बंदी येते आहे, त्यामुळे पुढचे प्रश्न जास्त बारीक येतील.

प्रश्न : आमचं कापसाचं जिनिंग आहे. उचल दिल्याशिवाय टोळी येत नाही. मग उचल देणं हाच गुन्हा का?
– एक जिनिंगचालक, जळगाव जिल्हा

उत्तर : नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा ती उचलच चूल पेटवते. गुन्हा घडतो तो उचलीच्या बदल्यात माणूस अडवला की. खान्देशात सालदारकीचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या चाकरीचा, हिशेब आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होतो, तीच कसोटी इथे लावा. बाकी असतानाही तो माणूस दुसऱ्याकडे राहू शकतो का? नवा मालक जुनी बाकी चुकती करून त्याला घेऊन जात असेल, तर त्याला सोय म्हणू नका. बाकीबरोबर माणूसच एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

उचल थेट मजुराच्या हातात द्या, नवरा आणि बायको यांच्या वेगळ्या नोंदी करून. मुकादमामार्फत दिली तर वहीत 40,000 आणि मजुराच्या हातात 30,000 असं होतं, आणि फेडावे लागतात 40,000. मुकादमाचं कमिशन तुम्ही वेगळं द्या. व्याज नको, येण्या-जाण्याचं भाडं उचलीत धरू नका. एका पगारातली एकूण कपात मजुरीच्या निम्म्यावर कधीही जाऊ देऊ नका. उचल छोटी असेल तर तिथवर जाण्याची गरजही पडत नाही. मजुरी खात्यात जमा होते म्हणून निश्चिंत राहू नका. सगळ्या टोळीचे पैसे एकाच दिवशी, एकाच एटीएममधून, काही मिनिटांच्या अंतराने निघत असतील तर कार्डं मुकादमाच्या खिशात आहेत असं समजा. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती भरायची जबाबदारी तुमच्यावर येते, हेही लक्षात असू द्या.

आणि वेठबिगारीतलं कर्ज कायद्याने संपलेलं असतं. ते वसूल करणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : एका पुरवठादाराकडे मजूर बाकीपायी अडकलेत हे आम्हाला कळलं. ऑर्डर लगेच बंद करावी का?
– खरेदी विभागातील एक वाचक, भुसावळ

उत्तर : आधी माणसं, मग ऑर्डर. ऑर्डर तोडली की व्यापारी तो तोटा मजुरांच्या अंगावर टाकतो आणि तुमचं म्हणणं ऐकायचं त्याला कारण उरत नाही. त्याला आधी फोन करून जाबही विचारू नका. रातोरात ट्रक भरून टोळी दुसरीकडे हलवली जाते.

मारहाण, कोंडून ठेवणं किंवा लहान मुलं असतील तर त्याच दिवशी 112 (पोलीस) किंवा 1098 (मुलांची हेल्पलाइन) वर कळवा. उचलीत अडकवल्याची तक्रार लेखी, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे द्या; जिल्हा दक्षता समितीचे अध्यक्ष तेच असतात. अर्जात जागा, मजुरांची संख्या, ते कोणत्या तालुक्यातून आले आणि अडकवण्याची पद्धत लिहा. चौकशीत मजुरांना मुक्तीचा (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी) दाखला मिळतो का, याचा पाठपुरावा सोडू नका. नुसतं गाडीत बसवून गावी धाडलं तर पुढच्या हंगामात तीच माणसं तिथेच परततात. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत आहे. पुढे प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रिया आणि मुलांना 2 लाख आणि अतिगंभीर प्रकरणात 3 लाख आहेत. कर्ज वेठबिगारीचं होतं हे सिद्ध करायचं ओझं मजुरावर नाही. ते वेठबिगारीचं नाही हे दाखवायचं काम सावकाराचं.

हिशेब अर्धवट किंवा नोंदी गायब एवढाच दोष असेल, तर मुदत देऊन सुधारणा करून घ्या आणि थकलेले पैसे मजुराच्या हातात पडल्याची त्याच्याकडूनच खात्री करा. याच बैठकीत स्वतःची खरेदीही तपासा. तुम्ही ठरवलेल्या किलोच्या भावातून माल, भाडं, दळण, नफा वजा केल्यावर खुडणाऱ्या हाताला किमान वेतन उरतं का? उरत नसेल तर भाव वाढवून द्या. दिवाळीच्या तोंडावर दुप्पट माल मागितला की रात्रपाळीचे तास आणि पोरांचे हात त्यातूनच येतात, तेव्हा ती ऑर्डर दोन महिने आधी लेखी द्या आणि बिलाचे पैसे पंधरा दिवसांत चुकते करा.