त्या यादीत गटार होतं का?

प्रिय लेकी,

तुझं चार पानी टिपण मी दोनदा वाचलं. त्यातला राग मला शंभर टक्के पटतो, आपण कर भरायचा, चार-पाच वर्षांतून एकदा मत द्यायचं आणि मधल्या काळात पैसा कुठं गेला म्हणून विचारायला गेलं की या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचं, हे चालणार नाही आणि चालू नये. त्यावर तू सुचवलेला उपाय असा की एक अॅप असावं, त्यात प्रत्येकानं आपल्या कराचा पैसा कुठल्या खात्याला जावा ते स्वतः ठरवावं, इतका शाळांना, इतका दवाखान्यांना, इतका रस्त्यांना. उपायाबद्दल मात्र मला तुझ्याशी बोलायचंय, आणि जरा सविस्तर बोलायचंय, कारण सरकारी खर्च लोकांना विचारून ठरवायच्या कामात मी बरीच वर्षं घालवलीत आणि तुझ्या वयात माझ्या डोक्यातही अगदी हेच होतं.

पहिली अडचण तुला लगेच दिसेल. ज्याचा कर जास्त त्याचा शब्द जास्त, असं होईल. मतदानात आपण श्रीमंत-गरीब सगळ्यांना एकच मत देतो ना, मग खर्चाच्या वेळी ते का सोडायचं? आणि ज्या बाईचं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली आहे ती साबण घेताना कर भरतेच की, पण तुझ्या अॅपमध्ये तिचं नावच नाही.

इटलीत याच्या जवळचं काहीतरी आहे, ते बघ. तिथे १९८५ च्या कायद्याने अशी सोय केली की आयकरातले हजारातले आठ भाग, म्हणजे ०.८ टक्के, एखाद्या धर्मसंस्थेला द्यायचा की सरकारला लोकोपयोगी कामासाठी द्यायचा हे करदात्याने फॉर्मवर टिक करून सांगायचं. इथे एक गोष्ट त्यांनी चांगली केली, की प्रत्येकाची टिक सारखी मोजतात, कर किती भरला ते बघत नाहीत. पण जे लोक काहीच टिक करत नाहीत, त्यांच्या वाट्याचा पैसा टिक केलेल्यांच्या प्रमाणात वाटला जातो! म्हणजे गप्प बसलेल्याचा पैसा बोलणाऱ्याच्या मर्जीने जातो, आणि गप्प बसणारे तिथे थोडेथोडके नाहीत. फॉर्मच्या तळाशी असा एखादा नियम असतो आणि अख्ख्या योजनेचा अर्थ तिथे ठरतो. म्हणून तुझ्या टिपणात मला सगळ्यात आधी हे हवं होतं, की ज्याने अॅप उघडलंच नाही त्याच्या पैशाचं काय होणार.

आता एक प्रसंग सांगतो. एका वस्तीत आम्ही लोकांना बोलावून त्यांच्या भागातल्या कामांसाठी कौल घेतला होता. टेबलावर सहा डबे मांडलेले, प्रत्येकावर कामाचं चित्र, बाग, दिवे, वाचनालय, रस्ता वगैरे, आणि प्रत्येकाच्या हातात दहा चिंचोके. ज्याला जे महत्त्वाचं वाटेल त्यात टाका. लोक हौसेने टाकत होते, आम्हीही खूश होतो. एक म्हाताऱ्या आजी आल्या, सगळ्या डब्यांवरून एकदा हात फिरवला, चिंचोके मुठीत तसेच धरून ठेवले आणि विचारलं, "यात गटाराचा डबा कुठाय?" तो नव्हताच. का नव्हता, तर यादी आम्ही ऑफिसात बसून केली होती, आणि गटाराचं काम दोन खात्यांत अडकलेलं, त्याचं इस्टिमेट कुणीच केलेलं नव्हतं, म्हणून ते यादीत धरलंच नाही. आम्ही तिथल्या तिथे एक ताटली ठेवली आणि चिठ्ठीवर गटार असं लिहिलं. मग आधी टाकून गेलेले लोक परत आले, म्हणाले आमचे चिंचोके काढून तिकडे टाकू का. शेवटी सगळ्यात जास्त चिंचोके त्या ताटलीत होते.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं आणि तुला मला खरं हेच सांगायचंय, की मत द्यायची वेळ येते तोवर बरंचसं ठरून गेलेलं असतं. यादी कुणी केली, तिच्यात काय आलंच नाही, आणि एकूण पैशातला किती भाग लोकांसमोर उघडा ठेवलाय, हे ज्याच्या हातात त्याच्या हातात खर्च. कौल नंतरची गोष्ट.

ब्राझीलमधल्या पोर्तू अलेग्रीचं नाव तू लिहिलंयस पण एका ओळीत उरकलंस, तिथे थांबायला हवं होतं. १९८९ साली तिथे कामगार पक्षाची सत्ता आली आणि त्यांनी बजेट लोकांसमोर ठेवायचं ठरवलं. सुरुवात अगदी वाईट झाली. तिजोरीतलं जवळपास सगळं उत्पन्न पगारातच जात होतं, लोकांनी सभेत कामं सांगितली आणि ती करायला पैसाच नव्हता, दुसऱ्या वर्षी लोक यायचे कमी झाले. पुढे कर सुधारले, पैसा हातात आला, कामं व्हायला लागली तेव्हा गर्दी वाढली. शहराचे १६ विभाग केले, प्रत्येक विभागाच्या सभा, सभेतून निवडलेले प्रतिनिधी, आणि पैसा वाटायचं सूत्र सगळ्यांना माहीत असलेलं: विभागाची लोकसंख्या किती, तिथे सोयी किती कमी आहेत, आणि लोकांनी कशाला पहिला नंबर दिला. यातलं मधलं वाक्य परत वाच. जिथे सोयी कमी तिथे जास्त वजन. जो मोठ्याने ओरडेल त्याला जास्त, असं होऊ नये म्हणून केलेली ती सोय. पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली घरं १९८८ मध्ये ७५ टक्के होती ती १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेली. म्हणजे तिथेही लोकांनी गटारच मागितलं बघ, आजींसारखं.

आणि तीच पद्धत २०१७ मध्ये थांबवली गेली. आधी सत्ता बदलली, मग हळूहळू सभांमधल्या निर्णयांना पैसा मिळेना, कामं रखडली, आणि ज्या सभेत ठरलेलं होत नाही तिथे लोक कशाला जातील? हे तुला घाबरवायला लिहीत नाही, पण सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर चालणारा अधिकार त्याची मर्जी गेली की जातो. पोलंडने २०१८ मध्ये मोठ्या शहरांना असं लोकांनी ठरवायचं बजेट कायद्याने बंधनकारक केलं, शहराच्या खर्चाच्या निदान ०.५ टक्के तरी. आकडा बारीक आहे, अगदीच बारीक, पण कायद्यात आहे. केरळने १९९६ मध्ये राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांकडे दिला आणि ग्रामसभांपासून नियोजन सुरू केलं. या दोन आकड्यांमधलं अंतर बघ, म्हणजे लोकसहभाग हा शब्द किती वेगवेगळ्या गोष्टींना लावतात ते कळेल. कुणी तुला म्हणालं की आमच्याकडे आहे की नागरिकांचं बजेट, तर पहिला प्रश्न एवढाच विचार: एकूणातलं किती?

बरं, थेट मतदानच हवं असेल तर स्वित्झर्लंड आहे. तिथल्या अनेक कँटनांमध्ये, म्हणजे राज्यांमध्ये, ठरावीक रकमेच्या वरचा नवा खर्च लोकांच्या मतदानाला जाऊ शकतो, काही ठिकाणी जावाच लागतो. देशपातळीवर २०१४ मध्ये २२ लढाऊ विमानांच्या खरेदीला लोकांनी ५३.४ टक्के मतांनी नाही म्हटलं, आणि २०२० मध्ये सहा अब्ज फ्रँकपर्यंतच्या विमानखरेदीला जेमतेम ५०.१ टक्क्यांनी हो म्हटलं. मला यात आवडतं ते असं की आधी घरोघरी एक पुस्तिका जाते, त्यात दोन्ही बाजू असतात, आणि प्रश्न एका ठोस खर्चाचा असतो.

कॅलिफोर्नियात मात्र काय झालं बघ. १९७८ मध्ये लोकांनीच मत देऊन मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधला, आणि घर विकलं जात नाही तोवर ते मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही असंही ठरवलं. लोक चिडले होते, वाढत्या कराने म्हाताऱ्या माणसांना घर राखणं जड जात होतं, त्यांचं दुःख खरं होतं. मग १९८८ मध्ये त्याच राज्यातल्या लोकांनी मत दिलं की शाळांना बजेटमधला किमान हिस्सा मिळालाच पाहिजे. दोन्ही मागण्या माणसाला पटण्यासारख्याच. पण एका दिवशी विचारलं कर कमी हवा का, दहा वर्षांनी विचारलं शाळांना पैसा हवा का, आणि दोन्ही प्रश्न एकत्र, एका कागदावर, हे वाढवलं तर ते कमी होईल असं कधी विचारलंच नाही. घरात आपण असं करत नाही ना, फी भरायची तर दुसरं काहीतरी पुढे ढकलतो. म्हणून तुझ्या अॅपमध्ये नुसतं वाढवायचं बटण नको. एक वाढवलं की दुसरं कमी होताना डोळ्यांना दिसलं पाहिजे, आणि पगार, पेन्शन, कर्जाचे हप्ते आणि देखभाल हे चार डबेही तिथे दिसले पाहिजेत, कारण त्यांना चिंचोका कुणीच टाकत नाही आणि पैसा तर तिथे जातोच.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, ते तुझ्या चार पानांत कुठेच नाही. काम ठरलं, मंजूर झालं, पुढे? राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. कामावरच्या हजेरीपटातली नावं आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचली, बाकी काही नाही. आणि लोक उठून सांगायला लागले, मी त्या कामावर गेलोच नव्हतो, हा माणूस तर मेलाय, हे बांधकाम कागदावर पूर्ण आहे पण जागेवर नाही. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. त्या लढ्याचा माहिती अधिकार कायद्यात मोठा वाटा आहे, आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ मध्ये ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामांची आणि हिशेबाची लोकांनीच तपासणी, करायचं असं लिहिलं गेलं. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांनी सरकारी कागद तपासले, कारण खरं काय झालं ते त्यांनाच माहीत होतं. याला खर्चावरचा थेट अधिकार नाही तर काय म्हणायचं?

तेव्हा माझं ऐकशील तर अॅपचं काम दोन महिने बाजूला ठेव. एकच काम निवड, छोटं, तुझ्या रोजच्या वाटेवरचं, आणि त्याचा कागद शेवटपर्यंत धर. बजेटमध्ये कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कुठल्या सदरात, आहे, इस्टिमेट कुणी केलं, टेंडर कधी निघालं, मोजमापाच्या पुस्तिकेत लांबी-रुंदी काय लिहिलीय, बिल किती निघालं. मग मोजपट्टी घेऊन जागेवर जा आणि स्वतः मोज, बरोबर त्या भागातल्या दोन-चार बायकांना घे. कागद मिळायला वेळ लागेल, एखादा साहेब चिडेल, तू चिडू नकोस, पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नकोस आणि प्रत्येक अर्जाची एक प्रत मला पाठव.

हे झालं की आपण दोघं मिळून तुझ्या अॅपची पहिली स्क्रीन परत काढू. त्यात सहा डबे ठेव हवे तर, पण सातवा रिकामा ठेव, वर काहीच न लिहिलेला.

तुझा,
काका